क्लॅरिनेट वाजवताना दात दुखत असतील तर : नव्या वादकांसाठी मार्गदर्शन

लग्नाचा हंगाम सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले की बँडमध्ये नव्याने क्लॅरिनेट हाती घेतलेल्या मुलाचे पंगतीतले जेवण पाहावे. पोळीचा तुकडा तो समोरच्या दातांनी तोडत नाही, वांग्याच्या रश्शात पोळी कुस्करून घास दाढांकडे सरकवतो आणि थंड पाण्याचा घोट घेताना क्षणभर डोळे मिटतो. विचारले तर "काही नाही, काका" एवढेच म्हणतो, कारण दुखते असे कबूल केले तर वाद्य दुसऱ्याच्या हाती जाईल, ही त्याची भीती असते. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात असाच शिकलो. पहिल्या उन्हाळ्यात वरचे मधले दोन दात असे ठणकत की रात्री जिभेचे टोक लागले तरी जाग येई, आणि कोणाला विचारले तर "सवय होईल" हे एकच उत्तर मिळे. सवय झाली ती चुकीच्या पद्धतीची, आणि ती मोडण्यात पुढची दोन वर्षे गेली. ती वर्षे तुमची जाऊ नयेत म्हणून जे शिकलो ते येथे क्रमाने लिहीत आहे.

दात का दुखतो हे प्रथम समजून घेतले पाहिजे. दात जबड्याच्या हाडात घट्ट चिकटवलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा तंतूंचा पडदा असतो आणि त्या पडद्यावर दात जणू टांगलेला असतो. चावताना बसणारा क्षणभराचा दाब हा पडदा सहज सोसतो, परंतु एकाच दिशेने, एकाच दातावर, तासन्‌तास पडणारा दाब त्याला सोसवत नाही, तो चेंगरतो आणि दाताचे मूळ दुखू लागते. वाकडे दात सरळ करण्यासाठी डॉक्टर तारा बसवतात, त्यांतही हाच नियम कामी येतो, कारण थोडासाच पण सततचा दाब दाताला जागेवरून हलवू शकतो. क्लॅरिनेटच्या प्रचलित पद्धतीत वरचे दात माउथपीसच्या, म्हणजे तोंडात धरायच्या चोचीसारख्या तुकड्याच्या, पाठीवर टेकतात आणि खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडून रीडखाली, म्हणजे माउथपीसला बांधलेल्या, कंप पावून सूर देणाऱ्या पातळ पट्टीखाली, गादीसारखा येतो. वरच्या दातांनी केवळ टेकायचे असते. नवा वादक मात्र सूर स्थिर राहावा म्हणून खालून जबडा दाबतो आणि उजव्या अंगठ्याने वाद्य वर ढकलतो, त्यामुळे दोन्हीकडचा भार त्याच दोन दातांवर येतो.

दुखणे कोणते आहे ते आधी ठरवा

वाजवण्यामुळे दुखणारा दात आणि मुळातच आजारी असलेला दात यांत फरक आहे, आणि तो न ओळखता उपाय सुरू केले तर फुकट वेळ जातो. हात स्वच्छ धुऊन बोटाच्या नखाने समोरच्या प्रत्येक दातावर हलकेच टिचकी मारा. माउथपीस टेकते तेवढेच एक-दोन दात दुखरे लागत असतील, वाद्य खाली ठेवल्यावर काही तासांत ठणका कमी होत असेल आणि दोन दिवस सुट्टी घेतल्यावर तो उरत नसेल, तर दोष बहुधा दाबाचा आहे. दुखणे रात्री झोपेतून उठवत असेल, गरम चहाने कळ उठून बराच वेळ रेंगाळत असेल, दात काळा पडला असेल, हिरडीवर पुळी आली असेल, बोटाने दात हलत असेल किंवा गालावर सूज असेल, तर येथील बाकीचा मजकूर नंतर वाचा आणि आधी दाताच्या डॉक्टरांकडे जा. आता आठवते की माझे रात्रीचे ठणकणेही या दुसऱ्या यादीत बसत होते. मी तेव्हा डॉक्टरांना दाखवले नाही, ही माझी चूक होती. सर्दी झालेली असताना वरच्या मागच्या चार-पाच दाढा एकदम दुखत असतील आणि खाली वाकल्यावर कळ वाढत असेल, तर ते दुखणे दातांचे नसून गालाच्या हाडातील सायनसचे असण्याची शक्यता अधिक असते. कानाच्या पुढे, जबड्याच्या सांध्यात दुखत असेल तर मात्र ती पुन्हा दाबून वाजवण्याचीच खूण समजावी.

यानंतर आरशासमोर खालचा ओठ उलटून पाहा. आतल्या बाजूला दातांचे खोल वळ उमटलेले असतील, तर तुम्ही चावून वाजवता आहात, याला वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

आता माउथपीस हातात घेऊन त्याची उतरती पाठ उजेडाकडे धरा. आपल्याकडच्या बँडमध्ये वाद्य एका वादकाकडून दुसऱ्याकडे जाते, त्यामुळे जुन्या माउथपीसच्या काळ्या एबोनाइटवर (कडक रबरावर) आधीच्या वादकाच्या दातांनी पाडलेले दोन खळगे बहुतेक वेळा दिसतात. माझ्या पहिल्या माउथपीसवर डावा खळगा उजव्यापेक्षा खोल होता, कारण माझ्या आधी ते वाजवणाऱ्या भाऊंचा डावा दात किंचित लांब होता. माझा दात त्या खळग्यात घसरून बसे, शेजारचा दात अधांतरी राही आणि सगळा भार एकट्या डाव्या दातावर येई. हे ध्यानात यायला मला फार उशीर झाला. तुमचे स्वतःचे दात वरखाली असतील, तरी नेमके असेच घडते.

वजन दातांवरून उतरवा

साधारण क्लॅरिनेटचे वजन पाऊण किलोच्या आसपास असते आणि ते जवळजवळ सर्व उजव्या अंगठ्यावर पेलले जाते. अंगठा थकला की वादक नकळत वाद्य वरच्या दातांमध्ये अडकवून ठेवतो. बसून सराव करताना वाद्याचे खालचे तोंड गुडघ्यांच्या मध्ये टेकवून पाहा, आणि त्या स्थितीत दात दुखणे कमी होत असेल तर वजन हेच कारण आहे असे समजा. यावर सोपा उपाय म्हणजे गळ्यात घालायचा पट्टा होय. वाद्याच्या मागे उजवा अंगठा टेकवायचा जो आधार असतो त्याला कडी असेल तर पट्टा थेट अडकतो आणि नसेल तर आधाराभोवती बसणारे चामड्याचे किंवा रबरी कव्हर असलेला पट्टा मिळतो. पट्ट्याची लांबी अशी ठेवावी की हात सैल सोडले तरी माउथपीस ओठांच्या किंचित खाली येईल. तो फार आखूड बांधला तर पट्टाच वाद्य दातांत खुपसतो.

वाद्याचा कोनही पाहावा लागतो. मान ताठ ठेवून वाद्य शरीरापासून साधारण ३० ते ४० अंश पुढे धरले, तर दात माउथपीसच्या उतरणीवर बेताने टेकतात. वरातीत लोकांनी पाहावे म्हणून काही वादक वाद्य सनईसारखे आडवे उचलतात. क्षणभर ते शोभते, परंतु सबंध वरात तसे वाजवल्यास दाब दाताच्या मुळाला तिरका बसतो.

चालत वाजवणे ही आपल्या भागातल्या वादकाची खरी परीक्षा आहे. शहरातील वाद्यवृंदात खुर्चीवर बसून वाजवणाऱ्याला हा प्रश्न येत नाही. गावातल्या उखडलेल्या रस्त्यावर प्रत्येक पावलाचा धक्का अंगठ्यातून माउथपीसला आणि तिथून दाताला पोहोचतो. गुडघे किंचित सैल ठेवून, टाच न आपटता चालावे, खड्डा किंवा नालीवरची फरशी ओलांडताना सूर सोडून वाद्य तोंडातून काढावे आणि नाचणाऱ्यांपासून दोन हात अंतर राखावे, कारण एखाद्याचा कोपर वाद्याच्या टोकाला लागला तरी त्याचा पूर्ण मार दातावर येतो.

रीड आणि रबरी चकती

रीड जितकी कडक, तितका जबडा अधिक दाबला जातो. रीडवर कडकपणाचा क्रमांक छापलेला असतो आणि नवशिक्याने २ किंवा फार तर २.५ क्रमांकाने सुरुवात करावी. सगळ्या कंपन्यांचे क्रमांक सारखे नसतात, म्हणून कंपनी बदलली की पुन्हा तपासून घ्यावे. "मोठा आवाज हवा तर कडक रीड लाव" हा सल्ला नव्या मुलांना सर्रास दिला जातो आणि तो मला पूर्णपणे अयोग्य वाटतो. बँडमध्ये ताशा, ट्रम्पेट आणि लाऊडस्पीकर यांच्याशी क्लॅरिनेटची स्पर्धा लावून त्या मुलाचे दात खर्ची घालण्यापेक्षा त्याच्यासमोर माइक धरणे अधिक योग्य आहे.

वैशाख महिन्यात, पारा ४५ अंशांच्या घरात असताना, वेळूसारख्या गवतापासून कापलेली ही रीड पाहता पाहता वाळते, तिचे टोक लाटेसारखे वाकते आणि माउथपीसवर ती नीट बसत नाही. मग फटीतून हवा निसटते, सूर फाटतो आणि वादक आणखी दाबतो. वाजवण्यापूर्वी रीड एक-दोन मिनिटे साध्या पाण्यात ओली करावी, तीन-चार रीड आलटून पालटून वापराव्यात आणि दोन गाण्यांच्या मधल्या वेळात माउथपीसवर टोपी लावून ठेवावी.

दातांसाठी सर्वांत लवकर गुण देणारी वस्तू म्हणजे माउथपीसच्या पाठीवर चिकटवायची पातळ रबरी किंवा प्लास्टिकची चकती. ती अर्ध्या मिलिमीटरहून कमी जाडीपासून सुमारे एक मिलिमीटर जाडीपर्यंत मिळते. दात दुखत असताना जाड चकतीच घ्यावी. तिच्यामुळे जुने खळगे झाकले जातात, दात घसरत नाही आणि माउथपीसची कंपने दातांतून कवटीत कमी पोहोचतात, म्हणून दाताला झिणझिण्या येणाऱ्यांनाही तिचा उपयोग होतो. माउथपीस साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे केल्यावरच ती चिकटवावी. गरम पाणी वापरू नये, त्याने एबोनाइटचा रंग जातो व आकारही बिघडू शकतो. वाद्यांच्या दुकानात किंवा ऑनलाइन ती मिळते. ती येईपर्यंत काही जण सायकलच्या ट्यूबचा तुकडा पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवतात. ते सोल्युशन तोंडात जाण्यासारखे नाही, त्यामुळे असे करू नये.

खालचे दात टोकदार असून ओठ कापला जात असेल, तर सिगारेटच्या पातळ कागदाची तीन-चार पदरी घडी ओली करून खालच्या दातांवर बसवण्याची वादकांची जुनी युक्ती आहे. ती हंगाम निभावण्यापुरती ठीक आहे. दाताची धार घासून गुळगुळीत करण्याचे काम मात्र कानशीने घरी करू नये, ते डॉक्टरांचे काम आहे.

चावणे सोडवण्याचा सराव

वरचे सगळे उपाय भार हलका करतात. दुखण्याचे मूळ ओठांच्या ठेवणीत आहे आणि त्यावर रोज काम करावे लागते. पहिली गोष्ट माउथपीस तोंडात किती घ्यायचे ही. रीड बांधलेल्या माउथपीसच्या टोकाकडून रीड आणि माउथपीस यांच्या फटीत एक पातळ कागद अलगद सरकवा. कागद जिथे अडतो तिथे रीड माउथपीसला टेकते, तिथे रीडच्या कडेला पेन्सिलची बारीक खूण करा. खालचा ओठ या खुणेच्या जवळ आला पाहिजे. वरचे दात टोकापासून साधारण एक सेंटिमीटर आत येतात. त्याहून कमी घेतले तर रीड दाबली जाऊन बंद होते आणि मग जोर लावावाच लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे सुराची परीक्षा, आणि तिच्यासाठी गावातील भजनी मंडळाची हार्मोनियम पुरेशी आहे. आपल्या बँडमधले क्लॅरिनेट बहुधा काळी पाचचे, म्हणजे हार्मोनियमच्या सप्तकातल्या पाचव्या काळ्या पट्टीच्या सुराचे, असते. त्याचे फक्त माउथपीस आणि बॅरल (माउथपीसच्या लगेच खालची आखूड नळी) जोडून फुंकले, तर हार्मोनियमच्या काळी तीनच्या जवळचा सूर यायला हवा. तुमचा सूर तिच्यावर, सफेद पाचकडे चढत असेल, तर तुम्ही चावत आहात. आता हार्मोनियमचा सूर चालू ठेवून, फुंक तशीच भरदार ठेवत जबडा कणाकणाने सैल सोडा, जोपर्यंत दोन्ही सूर एकमेकांत मिसळत नाहीत. ओठांचे दोन्ही कोपरे आत, माउथपीसच्या दिशेने आवळलेले असावेत, हनुवटी सपाट व खाली खेचलेली असावी, गाल फुगू नयेत. रोज दहा मिनिटे हे केल्यास पंधरा दिवसांत फरक कानाला कळतो आणि दाताला त्याच्याही आधी कळतो.

तिसरा सराव मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण माझी चूक त्यानेच सुटली. त्यात खालच्यासारखा वरचा ओठही वरच्या दातांवर दुमडून घ्यायचा असतो, म्हणजे दात माउथपीसला लागतच नाहीत. वाद्य गुडघ्यांवर टेकवा आणि खालच्या सप्तकातले लांब सूर पाच मिनिटे वाजवा. वरचा ओठ नाजूक असल्याने थोडा जरी दाब वाढला तरी तो तत्काळ दुखतो, त्यामुळे जबडा आपोआप माघार घेतो आणि सूर सांभाळण्याचे काम फुंकेवर व ओठांच्या कोपऱ्यांवर येते. मग जबड्याची तीच अवस्था कायम ठेवून ओठ काढून घ्या व दात पुन्हा हलकेच टेकवा. ही पद्धत जुनीच आहे. जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे योहान क्रिस्टोफ डेनर यांनी १७०० च्या सुमारास क्लॅरिनेट घडवले, त्यानंतर बराच काळ अनेक वादक रीड वरच्या बाजूला ठेवून वाजवत आणि वरचा ओठ तिला लागत असे. रीड खाली ठेवण्याची रीत पुढे एकोणिसाव्या शतकात सर्वत्र रूढ झाली. दोन्ही ओठ दुमडून कायम वाजवणारे वादक आजही आहेत, आणि ज्यांचे समोरचे दात मुळातच कमजोर आहेत त्यांनी ही पद्धत कायमची स्वीकारण्यास माझी हरकत नाही. मात्र उभे राहून, चालत वाजवताना तिच्यात वाद्य डळमळते, म्हणून पट्टा आवश्यक ठरतो.

दात दुखरे असतील त्या दिवसांत एकदम दीड तास बसू नका. दहा-बारा मिनिटे वाजवून पाच मिनिटे थांबणे, असे चार-पाच फेरे पुरेत. बोटांचा सराव न फुंकताही होतो. वेदनाशामक गोळी घेऊन वाजवू नये, कारण दुखणे झाकले गेले की माणूस अधिकच दाबतो. दुखऱ्या दातात तंबाखू दाबून ठेवणे किंवा हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी ठेवणे हे प्रकार अपायकारक आहेत, गोळीने हिरडी भाजते. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या निर्धोक आहेत. लवंगतेलाचा एखादा थेंब कापसावर घेऊन लावल्यास काही काळ आराम पडतो, परंतु कीड त्याने जात नाही.

खर्रा, पाणी आणि संत्री

याविषयी मला स्पष्ट लिहिले पाहिजे. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा विदर्भातल्या बँडमध्ये चहासारखा हातोहात फिरतो आणि सोळा-सतरा वर्षांची मुले तो मोठ्यांकडून शिकतात. खर्ऱ्याने हिरड्या दातांपासून सुटू लागतात, मुळे उघडी पडतात, आणि अशा दातावर माउथपीसचा साधा भारही ठणका आणतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की सुपारीमुळे गालांच्या आतील त्वचा कडक, पांढरट होत जाते आणि तोंड उघडणे हळूहळू कमी होते. आपली तीन बोटे एकावर एक ठेवून समोरच्या दातांमध्ये घालून पाहा. ती जात नसतील, किंवा तिखट भाजीने तोंडाची आग होत असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. हा आजार पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो. ओठ व गाल लवचिक नसतील तर क्लॅरिनेट वाजवताच येत नाही, हे तर वेगळेच.

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते. पिण्याच्या पाण्यात त्याची इष्ट मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे. त्याहून अधिक फ्लोराइडचे पाणी लहानपणी प्यायलेल्यांच्या दातांवर पांढरे वा तपकिरी पट्टे येतात, आणि दोष तीव्र असेल तर दाताचे वरचे आवरण ठिसूळ होऊन त्याचे टवके उडतात. अशा दातांच्या वादकाने रबरी चकतीशिवाय वाजवूच नये. संत्री-मोसंबी खाल्ल्यावर आंबटपणामुळे ते आवरण थोडा वेळ मऊ होते, तेव्हा साध्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा तास ब्रश करू नये. वरातीत गोड सरबत वारंवार प्यायल्यानंतरही लगेच चूळ भरावी. आणखी एक गोष्ट : दुसऱ्याच्या तोंडातले माउथपीस धुतल्याशिवाय आपल्या तोंडात घेऊ नये, आणि रीड तर कधीच वाटून घेऊ नये.

लहान मुलांबाबत घाई नको. वरचे समोरचे कायमचे दात सात-आठ वर्षांच्या वयात येतात आणि त्यांची मुळे पूर्ण व्हायला पुढे आणखी दोन-तीन वर्षे लागतात, तोवर त्यांच्यावर भार देऊ नये.

डॉक्टरांकडे जाताना

अनेक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत दंतचिकित्सक असतात, आणि अधिक उपचारांसाठी नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. जाताना वाद्याचे माउथपीस स्वच्छ करून सोबत न्या आणि ते दातांवर कसे टेकते ते प्रत्यक्ष दाखवा. एका दवाखान्यात माझा दुखरा दात "काढून टाकू" असे सांगण्यात आले होते. मी माउथपीस दाखवल्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी तो तपासून निरोगी ठरवला, आणि तो आजही माझ्या तोंडात आहे. समोरच्या दाताबाबत निर्णय घेण्यापूर्वी आपण फुंकवाद्य वाजवतो हे सांगणे तुमचेच काम आहे. तारा बसवायच्या असतील किंवा दात काढायचा असेल, तर हंगाम संपल्यावरचा, पावसाळ्यातला वेळ मागून घ्या, डॉक्टरांनी थांबण्यास संमती दिली तरच.

धक्का लागून मोठ्या माणसाचा किंवा मोठ्या मुलाचा कायमचा दात मुळासकट निघाला, तर तो मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाने उचलावा, घासू नये, थंड दुधात ठेवावा आणि शक्यतो तासाभराच्या आत डॉक्टरांकडे पोहोचावे, कारण असा दात पुन्हा बसू शकतो. दूध गावात कोणत्याही घरी मिळते.

बधिर करण्याचे इंजेक्शन घेतलेल्या दिवशी वाजवू नका, कारण ओठ चावला गेल्याचे कळत नाही. दात काढल्यानंतर जखमेत रक्ताची गाठ बसते आणि तिच्याखाली हाड भरून येते. फुंकेच्या जोराने ती गाठ निसटली तर असह्य ठणका लागतो, म्हणून डॉक्टर परवानगी देईपर्यंत फुंकणे पूर्ण बंद ठेवावे. परवानगी मिळाल्यावरही पहिले काही दिवस अख्खे वाद्य जोडू नये. मऊ रीड, जाड चकती, फक्त माउथपीस आणि बॅरल घ्यावे, आणि हार्मोनियमवर कोणाला तरी काळी तीन धरायला सांगून पाच-पाच मिनिटे तोच एक सूर लावावा.